मोहन्यातली मोंबासाची निमा

माझ्या नावात ण आहे, आणि माझ्या घरात तो कुणालाच म्हणता येत नव्हता. करुणा हे नाव आईनेच हौसेने ठेवलं आणि जन्मभर हाक मारली ती करुना. पप्पा करुना म्हणायचे, चाळीतली सगळी माणसं करुना म्हणायची. शाळेत बाईंनी पहिल्यांदा 'करुणा' म्हणून हजेरी घेतली तेव्हा मी गप्प बसून राहिले. मला वाटलं, वर्गात दुसरी कुणी मुलगी असेल. पुढे ज्या बाईने माझ्या आयुष्याची गाडी वेगळ्या रुळांवर घातली तीसुद्धा मला करुनाच म्हणायची. ती केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा शहरातली पत्रकार होती. नाव नेएमा. आमच्या चाळीत पहिल्याच संध्याकाळी तिची निमा झाली, आणि माझ्यासाठी ती अजून निमाच आहे.

आमची चाळ कल्याणजवळच्या मोहन्यात, कंपनीच्या भिंतीला लागून. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. दिवसाचे तुकडे कंपनीचा भोंगा पाडायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची कुणाला सवय नव्हती. पप्पा कंपनीत पाळ्या करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गायनपार्टीत पेटी वाजवायचे. तालीम आमच्या ओट्यावरच चालायची, त्यामुळे मी गणितं ढोलकीच्या ठेक्यावर सोडवली आहेत. आई कल्याणच्या एका सूतिकागृहात आया होती. बाळ जन्मलं की पुसायचं, गुंडाळायचं, बाहेर बाकावर ताटकळलेल्या माणसांसमोर न्यायचं आणि काय झालं ते सांगायचं, हे तिचं काम. डॉक्टरीणबाई नंतर यायच्या. मुलगी झाली की काही चेहरे पडतात हे आईला माहीत होतं, म्हणून मुलीची बातमी ती दुप्पट जोरात सांगायची. "पोरगी झाली, पोरगी! आवाज ऐका तिचा, कसा खनखनीत हाय!" ती घरी आली की तिच्या पदराला डेटॉलचा आणि पावडरीचा वास यायचा. मग ती चुलीपुढे बसली की त्यावर सुक्या बोंबलाचा वास चढायचा. आजही कुठल्या दवाखान्यात शिरले की मला भूक लागते, ती त्यामुळेच.

बी.ए. झाल्यावर मी बाळारामशेठच्या केबलवर बातम्या द्यायला लागले. बाळारामशेठ जवळच्याच गावातले आगरी गृहस्थ. जमिनीचे पैसे आले तेव्हा त्यांच्या भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, यांनी गच्चीवर तबकड्या बसवल्या आणि मोहने ते कल्याण तारा टाकल्या. संध्याकाळी सातला अर्धा तास गावच्या बातम्या. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या बिल्डिंगमधली एक खोली, मागे निळा पडदा, आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये शिरायचा. बातम्या लिहायचे दामले सर. शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, कल्याणात पारनाक्याला राहायचे. सर कडक होते पण दुष्ट मुळीच नव्हते. पहिल्या दिवशी मी 'पानीपुरवठा' वाचलं आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिभेचं टोक मागे वळवा. टाळूला लावा. आता म्हणा, पाणी."

मी म्हटलं. एकेकटा ण मला यायचा. वाक्य वेगात आलं की तो निसटायचा. भांडी घासताना मी पाणी, कोणी, आणि, लोणी असं घोकायचे आणि आई बाजूला बसून हसायची. पण हळूहळू तिने एक गोष्ट सुरू केली. केबलवरचं कुणी घरी आलं की ती आत निघून जायची. "माझं बोलनं असं. तुला खाली बघाया नको." शेवटी सरांनी शेठना सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर दुसरी मुलगी शोधू. पप्पांना ते ऐकून बरंच वाटलं. "दिवाळीपतूर कर हे टीव्हीचं," ते म्हणाले, "मग बँकेच्या परीक्षेला बस. तिथं न-ण कोनी बघत न्हाई."

अशा दिवसांत निमा आली. मोंबासाच्या एका वर्तमानपत्रात ती वार्ताहर होती. बाई म्हणून तिला लग्नं आणि फुलांची प्रदर्शनं लिहायला पाठवायचे, आणि ती तिथून परस्पर बंदरावर जाऊन हमालांच्या बायकांच्या मुलाखती घेऊन यायची. मग शिष्यवृत्ती मिळवून ती मुंबईच्या एका संस्थेत फिल्म शिकायला आली. तिथल्या मुलांना शिक्षण संपताना दोन महिने कुठल्यातरी वाहिनीत काम करावं लागायचं. सगळ्यांनी मोठ्या वाहिन्या मागितल्या. हिने सांगितलं, मला सगळ्यात छोटी वाहिनी द्या. माझ्या गावात परत गेल्यावर मला एवढंच परवडणार आहे. संस्थेतल्या कुणीतरी बाळारामशेठचं नाव सुचवलं.

शेठनी तिच्यासाठी कल्याण-डोंबिवलीत खोल्या बघितल्या, जीपमधून तिला घेऊन स्वतः फिरले. फोनवर खोली रिकामी असायची. दारात निमा दिसली की पाहुणे यायचे, रंगकाम निघायचं, मुलाचं लग्न ठरायचं. संध्याकाळी दोघं ऑफिसात परत आली. शेठ रागाने लाल झाले होते. निमा हसून म्हणाली की आज तिने डोंबिवलीतली बरीच लग्नं जमवली. मग ती खाली वाकली आणि आधीच नीट बांधलेली बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली, खूप वेळ.

घरी जेवताना मी हे सांगितलं. पप्पांचा घास हातात राहिला. "मी कल्यानात खोली बघत फिरायचो तवा आडनाव सांगितलं की खोली भरायची," ते म्हणाले. "हिची तर तोंड उघडायच्या आधीच भरतीय." त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? उद्या घेऊन ये गं तिला. करुना, तू अन् ती आतल्या खोलीत, आमी भाईर."

निमा आली ती एक ट्रंक, एक कॅमेरा आणि डोक्यावर बारीक बारीक वेण्यांचं रान घेऊन. ओट्यावर चाळ जमली. नाव विचारलं, तिने सांगितलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "निमा? मंग आपलीच की!" आठवड्याभरात चाळीतल्या निम्म्या पोरींच्या डोक्यावर शेतातल्या सऱ्यांसारख्या वेण्या उगवल्या. निमा माझ्याशी इंग्रजीत बोलायची, आईशी मोडक्या हिंदीत. आईचं हिंदी तिच्याहून मोडकं, त्यामुळे दोघींचं फार छान जमलं. शिवाय निमाच्या स्वाहिली भाषेत आमचे शब्द निघायला लागले. दुकानाला डुका, गाडीला गारी, साबणाला साबुनी, चहाला चाय, चपातीला चपाती. रोज एखादा सापडला की आई टाळी वाजवायची, हरवलेला डबा माळ्यावर मिळावा तशी. एका रविवारी निमाने मक्याच्या पिठाचा गोळा शिजवला आणि नारळाच्या दुधात मासे केले. आईने गोळा चाखला आणि म्हणाली, "ही तर घट्ट उकड."  पप्पांनी माशांचा रस्सा तिसऱ्यांदा वाढून घेतला.

पण सगळ्यात जास्त आवडलेला शब्द 'हबारी'. आम्ही 'काय कसं काय' म्हणतो तसं तिच्याकडे माणसं भेटल्यावर 'हबारी' म्हणतात. त्याचा अर्थ, काय बातमी? आपली खबर तीच ती. आईला हे कळल्यापासून निमाने "हबारी?" विचारलं की ती खरोखरची बातमी द्यायची. "दोन पोरी, एक पोरगा. पोरगा पायाळू. समदी बेस." निमा एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, "करुना, या घरातली पत्रकार तू नाहीस. ती आहे."

केबलच्या ऑफिसात निमा कॅमेऱ्याइतकीच तारांच्या मागे लागलेली असायची. तार किती लांब गेली की चित्र फिकं होतं? वसुलीला कोण जातं? लोक केबल सिनेमासाठी घेतात की बातम्यांसाठी? शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही पोर शिकाया आलेली का माजा धंदा घ्याया आलेली? मना काय समजत नाय." आज मला समजतं. पुढे निमाने मच्छीमार बायकांवर फिल्म केली, तिचं नाव झालं, आणखी फिल्म झाल्या. मग मोबाइलचे दिवस आले तेव्हा तिने एका भाड्याच्या खोलीत स्वतःची डिजिटल वाहिनी काढली. आता किनाऱ्यावरच्या खेड्याखेड्यांतून बायका फोनवर बातम्या काढून तिला पाठवतात आणि मोठ्या वाहिन्या त्या तिच्याकडून घेतात. तिच्या भाषणांत ती सांगते की धंद्याचं शिक्षण तिने एका तबकडीवाल्याकडून घेतलं. बाळारामशेठना मी ते व्हिडिओवर ऐकवलं. त्यांनी तीनतीनदा लावायला लावलं.

त्या दिवशीची गोष्ट अशी. दुपारी कल्याणला मुख्य जलवाहिनी फुटली. रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, तिथे धक्का बसला. बातमी ऑफिसात आली आणि पाठोपाठ दामले सरांचा एका बूथवरून फोन आला. ते एका मुंजीहून परतत होते आणि शीळफाट्याला अडकले होते. "इथून मुंगीसुद्धा हलत नाहीये. मी सातला पोचत नाही. कालच्याच बातम्या लावा."

शेठनी फोन ठेवला आणि कालची कॅसेट काढली. निमाने ती त्यांच्या हातातून घेतली. "शहरात पाणी नाही आणि तुम्ही त्यांना कालचं शहर दाखवणार?" ती मला म्हणाली, "बूट काढ. चप्पल घाल. चल."

आम्ही रिक्षा करून गेलो. रस्त्याची नदी झाली होती आणि पोरं तिच्यात पोहत होती. निमा गुडघाभर पाण्यात कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरून चालली. पँट वर दुमडलेल्या एका इंजिनियरसाहेबांना मी गाठलं. दुरुस्तीला उद्याची संध्याकाळ होईल, टँकर कुठल्या कोपऱ्यांवर उभे राहतील, सगळं विचारलं, पुन्हा म्हणवून घेतलं आणि तळहातावर लिहिलं. परतताना सूतिकागृह लागलं. दारात आई उभी होती, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"टाकी संपली गं," ती म्हणाली. "चार बाळंतिनी हायेत, दोघी आत. टँकर येतो म्हनत्यात, पन कवा? बाईंनी सांगितलंय, पानी नसलं तर पेशंट ठान्याला न्यावी लागंल. अशा रस्त्यानं कशी न्यायची?"

निमाचा कॅमेरा चालू होता. आईच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. कापाकापी करायला वेळ नव्हता. निमाने कॅसेट तशीच यंत्रात घातली आणि माझ्यासमोर माइक ओढला. चित्र चालेल, तू बोल. माझ्यापुढे कागद नव्हता. दामले सरांच्या कागदाशिवाय मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. 

"काय बोलू?"

"हबारी," ती म्हणाली आणि लाल दिवा लागला.

मी बोलायला लागले. आईशी बोलते तशी. पाइप कुठे फुटला, कसा फुटला, टँकर कुठल्या कोपऱ्यावर, तळहात बघून एक एक कोपरा दोनदा. "पानी उकळून प्या, पहिलं पानी गढूळ येनार आहे." मग पडद्यावर आई आली, बादल्या घेऊन. मी म्हणाले, "ही बाई बाळं बाहेर आनून दाखवते. आपल्यातल्या कितीतरी जनांना पहिल्यांदा हिनंच हातात घेतलेलं आहे. आज तिथं पानी नाही. ज्यांच्या टाकीत पानी असंल त्यांनी एक कळशी घेऊन जा. एकच. लगेच जा." एवढं बोलून मी थांबले. काचेपलीकडे शेठ डोकं धरून बसलेले दिसले.

लाल दिवा विझायच्या आत फोन वाजला. एक गृहस्थ तावातावाने विचारत होते, "ही भाषा बातम्यांची? पानी काय, आनून काय! शाळा शिकलीय का ती?" शेठ "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिले. मी पिशवी उचलली. दिवाळी जरा लवकरच आली, असं मनात म्हटलं आणि निमाबरोबर सूतिकागृहाकडे निघाले, आईला घेऊन घरी जायला.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, कारण पुढे जायला वाट नव्हती. माणसं होती. कळश्या, हंडे, कॅन, पिंप, कुणी स्कूटरवर पायांपाशी ड्रम ठेवून, दोन मुली एका बादलीला चार हात लावून. दारापासून रांग लागली होती आणि आई पायरीवर उभी राहून ओरडत होती, "पियाचं इकडं! धुवायचं तिकडं! ढकलू नका, बाळं झोपल्यात!" तेवढ्यात आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली आणि थोड्या वेळाने टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली. खरं तर ते घरच्या माणसांनाच दाखवायचं. पण तिने रांगेकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"पोरगी झाली!" ती म्हणाली. "तुमच्या पान्यानं आंघुळ घातली."

सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. निमा कॅमेरा खांद्यावर घेऊन रडत होती आणि चित्र हलू नये म्हणून श्वास धरत होती. ते चित्र मी नंतर पुष्कळदा बघितलं आहे. जरासुद्धा हललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दामले सर आले. त्यांनी आधी कॅसेट मागितली. सबंध बघितली. मी भिंतीला टेकून उभी होते. सरांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या हिचे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून दूध आणायलाही ती मला पाठवते. काल कळशी घेऊन सूतिकागृहापर्यंत चालत गेली. मी इतकी वर्षं बातम्या लिहितोय, त्या चालू असताना ती कणीक मळते. काल म्हणे मळायची थांबली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ण सगळीकडे चुकलाय," सर म्हणाले. "ते मी बरोबर म्हणणार नाही. पण कोपरा एकही चुकलेला नाही. असं करू. सातच्या बातम्या माझ्या पद्धतीने. नंतरची दहा मिनिटं तुमची. तिथे मी भाषेला हात लावणार नाही. फक्त ठिकाण, वेळ आणि नाव तपासून घेईन. टँकरचा कोपरा चुकला तर पाणी म्हणणाराही कोरडा आणि पानी म्हणणाराही कोरडा."

शेठ दारातून म्हणाले, "बेस! मना तर दोनी चालतंय."

ती दहा मिनिटं लोक वाट बघून बघायला लागले. पप्पांनी बँकेच्या परीक्षेचं नाव काढणं सोडलं. पुढे एकदा चहाच्या टपरीवर कुणाला तरी ते सांगत होते, "आमची करुना बातम्या देत न्हाई, ती बोलती," हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

निमाला संस्थेसाठी एक फिल्म करायची होती. विषय ठरलेला होता, कल्याणच्या खाडीतून पूर्वी तिच्या किनाऱ्याकडे जाणारी गलबतं. तो तिने बाजूला ठेवला आणि आईला विचारलं. आई म्हणाली, "माझं बोलनं टीव्हीत बसनारं न्हाई."

"करुनाचं बसलं," निमा म्हणाली. "आणि ती तुमच्याकडूनच शिकली."

आईने होकार दिला, पण ठेवणीतली साडी नेसेन या अटीवर. निमाला रोजची हवी होती. "फिलम परदेशात जानार ना? मंग?" आई म्हणाली. शेवटी दवाखान्यात रोजची आणि ओट्यावर ठेवणीतली, असं ठरलं. त्या फिल्ममध्ये आई फक्त बोलते. बाळं कशी येतात, बापलोक बाकावर काय काय करतात, कुठली आजी रडली, कुठली नाचली. पहिल्या दिवशी ती कॅमेऱ्याकडे चोरून बघत होती. नंतर विसरली.

याच सुमारास शेठनी टिटवाळ्याकडचा एक छोटा केबलचा धंदा घेतला. तिकडे नव्या बिल्डिंगी उठत होत्या. ही कल्पना निमाची, असं ते उघड सांगत. "तिकडची बाजू तू बघायची," ते मला म्हणाले. मला वाटलं, बातम्यांची बाजू. ते म्हणाले, "सगली." तार, वसुली, बातम्या, सगळी. मी बावीस वर्षांची होते. ऑफिस म्हणजे अर्ध्या बांधलेल्या इमारतीखालचा एक गाळा. त्यात टेबल होतं, खुर्ची यायची होती. उद्घाटनाला पप्पांची गायनपार्टी आली, दामले सरांनी फीत कापली, आईने आणि निमाने मिळून सगळ्यांना चहा दिला. दोनच दिवसांनी निमाचं परतीचं विमान होतं, पण त्या दिवशी कुणी त्याचं नाव काढलं नाही. पप्पांनी पेटीवर असा सूर धरला की वरच्या मजल्यावरचे गवंडी थापी थांबवून खाली डोकावले.

संध्याकाळी आम्ही पहिला कार्यक्रम म्हणून आईची फिल्म लावली. आई गाळ्यात थांबेना. "मी न्हाई बघायची" म्हणून ती बाहेर वाळूच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसली, पाठ करून. फिल्म संपली आणि टेबलावरचा नवा फोन पहिल्यांदा वाजला. मी उचलला. पलीकडे कुणी म्हातारबाबा होते.

"अवं ताई, आमच्याकडं चित्रच येत न्हाई. नुसत्या मुंग्या दिसतात."

माझं तोंड उतरलं. "माफ करा बाबा. उद्या सकाळी माणूस पाठवते. तोवर बंद करून ठेवा."

"बंद कशाला करू?" ते म्हणाले. "आवाज येतोय की. समदं ऐकलं आमी, घरातली सगळी बसून. ती बाई कोन हो बोलत होती? लई ग्वाड बोलती. तिला परत लावा."

मी फोनची तार जाईल तितकी ओढली, दारापर्यंत आले आणि आईला हाक मारली. ती उठली, साडीवरची वाळू झटकली आणि फोन हातात घेतला.

"हां, बोला," ती म्हणाली. "मीच ती."